मुलांच्या प्रश्नांचा वर्ग पुन्हा सुरू करा : आमच्या पास्टोरेट कमिटीस खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब आणि चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीचे सर्व सभासद यांस,

जय ख्रिस्त.

रविवारच्या उपासनेनंतर चर्चच्या मागच्या खोलीत भरणारा तरुण संघाचा अभ्यासवर्ग आपण बंद केला आहे. फलकावरच्या नोटिशीत लिहिलं आहे की, त्या वेळात यापुढे गायनाचा सराव आणि बायबल क्विझची तयारी होईल, दृढीकरणाचा, म्हणजे मुलांनी स्वतः विश्वास जाहीर करण्याआधीचा, वर्ग दोन शनिवारांत पूर्ण करण्यात येईल आणि मुलांना सिद्धांताविषयी काही शंका असल्यास त्यांनी पाळकसाहेबांना एकेकट्याने भेटावं. मी कमिटीला रीतसर पत्र दिलं. त्याची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. वार्षिक सभेत विषय काढला, तर वेळ संपल्याचं सांगण्यात आलं. म्हणून हे पत्र सगळ्या मंडळीसमोर आणि मंडळीबाहेरही ठेवते आहे. नगर जिल्ह्यातल्या इतर मंडळ्यांमधूनही असंच काहीसं ऐकू येतं, त्यामुळे ते त्यांच्याही उपयोगी पडेल.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवते आणि रविवारचा हा वर्ग मी घेत होते. माझा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झाला, लग्न इथंच लागलं, आणि माझी मुलगी या वर्गात बसत होती. पण माझा संबंध एवढ्यापुरता नाही. आपल्याकडे लेकराचा बाप्तिस्मा होतो तेव्हा पाळक साऱ्या मंडळीला उभं करून विचारतात, या बालकाला विश्वासात वाढवायला तुम्ही मदत कराल का? आपण सगळे "होय" म्हणतो. या वर्गातल्या जवळजवळ प्रत्येक मुलासाठी मी ते "होय" म्हटलेलं आहे. तुम्हीही म्हटलेलं आहे.

वर्गात काय चालायचं, हे कमिटीतल्या बऱ्याच जणांनी पाहिलेलं नाही, म्हणून आधी तेच सांगते. आम्ही प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे आपल्या विश्वासाची कबुली, घेतला होता. दर रविवारी पाठ म्हणतो तोच. एका वेळी एकच कलम. पंतय पिलाताच्या नावावर आलो तेव्हा नववीतला एक मुलगा म्हणाला, "सगळ्या मतांगीकारात येशूखेरीज फक्त दोन माणसांची नावं आहेत. एक मरीया आणि दुसरा हा. वाईट माणसाचं नाव कशाला ठेवलं?" त्या एका प्रश्नावर आमचे कितीतरी रविवार गेले. पिलात यहूदियाचा रोमी सुभेदार, तिबिर्य कैसराच्या काळातला. त्याचं नाव घेतलं की येशूचं मरण एका ठरावीक राजवटीत, ठरावीक गावात, एका सरकारी हुकमाने घडलं हे सांगून होतं. आपला विश्वास "फार फार वर्षांपूर्वी" अशी सुरुवात करत नाही, हे त्या पोरांनी स्वतः शोधून काढलं. पुढे ख्रिस्त अधोलोकात उतरला या कलमावर एका मुलीने विचारलं, म्हणजे देव कधीच जाणार नाही अशी एकही जागा उरली नाही का? मी तिला १ पेत्र ३ वाचायला दिलं, जुन्या ख्रिस्ती शिक्षकांनी या कलमाचे वेगवेगळे अर्थ कसे लावले ते सांगितलं, आणि मंडळ्यांमध्ये यावर आजही एकमत नाही हेही सांगितलं. त्या दिवशी घरी जायला कुणी उठेना.

आता माझ्या तक्रारी मांडते.

पहिली तक्रार कारणाविषयी आहे. "अशा चर्चेने मुलांचा विश्वास डळमळतो" असं कमिटीच्या वतीने मला तोंडी सांगण्यात आलं. आमच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील 2021 च्या दुसऱ्या लाटेत गेले. मातीच्या वेळी आणि नंतरही लोक तिला म्हणत राहिले, "देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात." कुणी म्हणालं, "प्रार्थनेत कमी पडलात." चौदा वर्षांच्या मुलीने या दोन वाक्यांचं काय करायचं? पहिलं खरं मानलं तर देव तिच्या बापाचा चोर ठरतो, दुसरं खरं मानलं तर ती स्वतःच गुन्हेगार ठरते. वर्गात आम्ही लूक 13 उघडलं. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली. ती इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असं वाटतं का, असं येशू विचारतो आणि स्वतःच ठामपणे "नाही" म्हणतो. मग योहान 9 मधला जन्मांध घेतला. तिथेही शिष्य हेच विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? मग ईयोब, निर्दोष असून सारं गमावलेला माणूस. ईयोबाचे मित्र देवाची बाजू घेऊन मोठी मोठी भाषणं करतात, आणि शेवटी देव सांगतो की ते त्याच्याविषयी यथार्थ बोलले नाहीत. यथार्थ बोलला तो ईयोब, जो एवढा वेळ तक्रार करत होता. मग 88 वं स्तोत्र, जे अंधारावरच संपतं आणि तरीही पवित्र शास्त्रात आहे. मुलगी रडली. पण त्यानंतर ती उपासनेला पुन्हा नियमित येऊ लागली, हे तुम्ही सर्वांनी पाहिलं आहे. तिचा विश्वास डळमळला होता तो आमच्या वर्गाने नव्हे, सांत्वनाच्या नावाखाली तिला ऐकवलेल्या त्या वाक्यांनी.

दुसरी गोष्ट मला जड अंतःकरणाने लिहावी लागते. वर्ग बंद होण्याच्या थोडं आधी एका अकरावीतल्या मुलाने विचारलं होतं, "दाखल्यावर आमचा धर्म वेगळा आणि रविवारी वेगळा. हे खोटं बोलणं आहे का?" आणि एका मुलीने विचारलं, "गलतीकरांस पत्रात यहूदी नाही, हेल्लेणी नाही, दास नाही, स्वतंत्र नाही असं आहे. मग ताईचं स्थळ बघताना आमच्या घरी मूळ जात का विचारतात?" मला वाटतं, अस्वस्थता इथून सुरू झाली. मुलांच्या विश्वासाची काळजी नंतर आली.

हे प्रश्न अवघड आहेत, मान्य आहे. पहिल्या प्रश्नामागे 1950 चा अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश आहे. ख्रिस्ती झालेल्या दलिताची अनुसूचित जातीची सवलत त्या आदेशाने जाते. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्यात घेतलं, आपण बाहेरच राहिलो. धर्म बदलला म्हणून गावाने आपल्या आज्या-पणज्यांना पाणवठ्यावर दूर ठेवणं सोडलं असं झालं नाही. त्यामुळे एखाद्या बापाने मुलाच्या फीसाठी कागदावर काय लिहिलं याचा न्याय करायला मी बसलेली नाही. मी त्या मुलालाही हेच सांगितलं, की तुझ्या वडिलांपुढे जे दोन दरवाजे होते ते दोन्ही अन्यायाचे होते, आणि अशा वेळी सत्य, लेकरांचं पोट आणि प्रभूचं नाव यांची सांगड कशी घालायची हा प्रश्न तुझ्याआधी पुष्कळांनी सोसला आहे. पण प्रश्नच विचारू नकोस, असं मी त्याला सांगू शकत नाही. घरात आणि चर्चमध्ये जे चालतं ते वचनापुढे धरून पाहणं, हाच तर सिद्धांताचा अभ्यास. मोठ्यांना अडचण होते म्हणून तो थांबवला, तर मुलं त्यातून एकच धडा घेतील: चर्चमध्ये खरं बोलायचं नसतं.

तिसरी तक्रार. "थिऑलॉजी हे पाळकांचं काम, सेमिनरीत शिकलेल्यांनी ते पाहावं." पाळकसाहेबांविषयी मला पूर्ण आदर आहे. पण त्यांच्याकडे आपल्याखेरीज आसपासच्या गावांतल्या मंडळ्याही आहेत. मातीविधी, लग्नं, आजाऱ्यांच्या भेटी, कोर्टकचेऱ्या सगळं त्यांच्याच अंगावर. पंधरा वर्षांचं पोर एकटं त्यांच्या दारात जाऊन "मला त्रैक्य, पिता-पुत्र-पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे कळत नाही" म्हणणार आहे का? शिवाय ही वाटणी आपल्या परंपरेत कधी नव्हती. मार्टिन लूथरने सॅक्सनीतल्या मंडळ्या फिरून पाहिल्या. साध्या विश्वासणाऱ्यांना, कित्येक ठिकाणी पाळकांनासुद्धा मूलभूत गोष्टी ठाऊक नाहीत हे पाहून तो हादरला आणि 1529 मध्ये त्याने छोटी प्रश्नोत्तरी लिहिली. ती घरच्या कर्त्याने आपल्या माणसांना शिकवावी म्हणून होती, आणि तिच्यात प्रत्येक आज्ञेनंतर, प्रत्येक कलमानंतर पुन्हा पुन्हा तेच विचारलं आहे: याचा अर्थ काय? 1563 ची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी तरुणांना शिकवण्यासाठीच तयार झाली. तिचा पहिला प्रश्न असा की, जगताना आणि मरताना तुझा एकमेव दिलासा कोणता? हा प्रश्न तिथे मुलांना विचारत होते.

आणि आपल्या भाषेचं काय? 1616 मध्ये गोव्यात राचोल इथे फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. मराठी ओव्यांतला हा प्रचंड ग्रंथ नव्या ख्रिस्ती लोकांसाठी लिहिला. त्यात श्रोते मध्येच थांबवून शंका विचारतात आणि पाद्री गुरू उत्तर देतात. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या जेझुइट पाद्रीला श्रोत्यांच्या शंकांचं भय वाटलं नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोरचं. केडगावचं मुक्ती मिशन पाहायला आपण मुलांना सहलीला नेतो, त्यांच्या फोटोसमोर उभं करतो. त्या बाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या होत्या. पुढच्या काही वर्षांत वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी आणि चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजच्या प्राचार्य डोरोथिया बील यांच्याशी त्यांनी त्रैक्याविषयी, ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी, चर्चच्या अधिकाराविषयी पत्रांतून अक्षरशः वाद घातला. जे पटलं नाही त्यावर मान डोलावली नाही. सिस्टर जेराल्डीन यांना ते उद्धटपणाचं वाटलं, त्यांनी रमाबाईंना गर्विष्ठ ठरवलं. बीलबाईंनी मात्र शांतपणे एकेका मुद्द्याला उत्तरं दिली. पुढे याच रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं; मरणापर्यंत त्या कामाला लागल्या होत्या. त्या पत्रव्यवहारात त्यांना "शंका असतील तर गप्प बसा" असं सांगून विषय मिटवला असता, तर पुढचं सगळं घडलं असतं का, याचा विचार कमिटीने करावा. आपल्या मागच्या खोलीत आज अशी कुणी बसलेली असेल, तर तिच्यासाठी आपण सिस्टर जेराल्डीन व्हायचं की बीलबाई?

चौथी तक्रार क्विझविषयी, आणि ती थोडक्यात. क्विझ असू द्या. मुलं त्यानिमित्ताने शास्त्र उघडतात, जिल्ह्याच्या स्पर्धेत आपल्या मुलींनी ढाल आणली तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. पण मथुशलह 969 वर्षं जगला हे ठाऊक असलेल्या मुलाला शब्द देही का झाला, म्हणजे देव माणूस का झाला, हे सांगता येत नसेल, तर त्याच्या हातात काय राहिलं? गाण्याचंही तेच. नवा साउंड सिस्टिम आला, कीबोर्ड आला, मुलं जीव ओतून गातात, ऐकताना बरं वाटतं. नारायण वामन टिळकांच्या भजनांत कृपा, देहधारण, वधस्तंभ सगळं भरलेलं आहे. ते उलगडून सांगायला अर्धा तास द्या, मग मुलं कशी गातात ते बघा.

पाचवी तक्रार दृढीकरणाच्या वर्गाविषयी, आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. दृढीकरणाच्या दिवशी मूल बिशपांसमोर उभं राहून स्वतःच्या तोंडाने म्हणतं, "मी विश्वास धरतो." आईबापांनी त्याच्या वतीने केलेली प्रतिज्ञा ते स्वतःवर घेतं आणि त्यानंतर प्रभुभोजनाच्या मेजाशी येतं. दोन शनिवारांत त्याला काय कळणार? दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना आणि मतांगीकार पाठ आहेत की नाही एवढं तपासून होईल. ज्याचा अर्थ सांगितलेला नाही अशा कागदावर आपण लेकरांच्या सह्या घेणार आहोत का?

याला दुसरीही बाजू आहे. आपल्या मुलांचे मित्र स्वतंत्र मंडळ्यांमध्ये जातात. तिथे त्यांना सांगितलं जातं, "तुमचा बाप्तिस्मा बाप्तिस्माच नाही, कपाळावर पाणी शिंपडून काय होतं?" आपली दोन मुलं अशा बोलण्याने गोंधळून नदीवर पुन्हा बाप्तिस्मा घेऊन आली. त्यांना दोष देण्याआधी हे पाहा, की 1970 मध्ये नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारताची मंडळी झाली, तेव्हा त्यांत बॅप्टिस्टही होते आणि अँग्लिकनही. बालकाचा बाप्तिस्मा आणि विश्वास पत्करल्यावरचा बाप्तिस्मा अशा दोन्ही पद्धतींना या ऐक्यात जागा ठेवली आहे. का ठेवली, बाप्तिस्म्यात आधी कोण पुढे होतो, माणूस की देव, हे आपण आपल्या मुलांना कधी सांगितलं? त्यांच्या खिशात फोन आहे. त्यावर रोज कुणीतरी सांगतं की आजार म्हणजे विश्वासाची कमतरता, दान टाकलं की नोकरी लागते, अमुक वर्षी जगाचा अंत होणार. त्या माणसांना कुणाच्या कमिटीची परवानगी लागत नाही.

एक बारकी गोष्ट राहिली. मागच्या खोलीतल्या कपाटाला कुलूप लावलं आहे. त्यात शब्दकोश, टीकाग्रंथ आणि मिशनच्या काळातली जुनी पुस्तकं आहेत. कुणाकुणाच्या आजोबांनी दिलेली. किल्ली कुणाकडे आहे हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.

काही पालकांनी तक्रार केली असेल, तर त्यांची काळजी मी हलकी मानत नाही. आपलं मूल चर्चमधून घरी येतं आणि आईबापांना न झेपणारा प्रश्न टाकतं, तेव्हा भीती वाटते. पण शास्त्रात लेकरांचे प्रश्न धरूनच चाललेले आहेत. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाच्या, विधीविषयी निर्गमाच्या पुस्तकात सांगितलं आहे की, तुमची मुलं या सेवेचा अर्थ विचारतील तेव्हा त्यांना असं असं सांगा. आणि बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत हरवला, तेव्हा तो सापडला कुठे? मंदिरात, गुरुजनांमध्ये बसलेला, त्यांचं ऐकत आणि त्यांना प्रश्न विचारत. त्या गुरुजनांनी त्याला उठवून लावलं नव्हतं.

माझ्या मागण्या अशा आहेत.

रविवारचा वर्ग त्याच वेळी, त्याच खोलीत पुन्हा सुरू करावा. गायनाच्या सरावासाठी शनिवारची संध्याकाळ मोकळी आहे आणि तेव्हा मुलं यायला तयार आहेत, मी विचारलं आहे. तेरा-चौदा वर्षांची मुलं आणि सोळा-सतरा वर्षांची मुलं यांचे दोन गट करावेत. सगळ्यांना सगळं एकदम सांगू नये, हे पालकांचं म्हणणं मला पटतं. दृढीकरणाचा वर्ग किमान सहा महिने चालावा, आणि त्यातले निदान काही तास पाळकसाहेबांनी स्वतः घ्यावेत. तीन महिन्यांचे विषय आधी फलकावर लावू. ज्या पालकाला बसून ऐकायचं असेल त्याच्यासाठी खुर्ची ठेवू. मी शिकवते ते चुकीचं आहे असं वाटत असेल, तर सेमिनरीत शिकलेल्या कुणालाही कमिटीने वर्गात बसवावं. त्यांनी माझी चूक काढली तर मी मुलांसमोर ती सुधारेन. माझ्याऐवजी दुसरं कुणी शिकवायला हवं असेल तरी माझी हरकत नाही. मात्र प्रश्न विचारायची मुभा राहिली पाहिजे, आणि कोणता प्रश्न विचारला म्हणून कुठल्याही मुलाच्या घरी निरोप जाता कामा नये. हे एकदा घडलं आहे. पुन्हा घडू नये. कपाट उघडून द्यावं आणि पुस्तकांची यादी करावी. ते काम मुलंच करतील.

नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू होण्याआधी कमिटीची बैठक आहे. तिच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, मला आणि तरुण संघाच्या दोन प्रतिनिधींना, एक मुलगा आणि एक मुलगी, बोलायला वेळ द्यावा. निर्णय तरीही कायम ठेवायचा असेल, तर कारणं लेखी द्यावीत आणि उपासनेतल्या जाहीर सूचनांच्या वेळी मुलांना ती वाचून दाखवावीत. ज्यांचा वर्ग बंद झाला, त्यांना त्याचं कारण अजून कुणीही सांगितलेलं नाही.

ख्रिस्तात आपली,
तरुण संघाची एक शिक्षिका